लॅटिन शेपूट

इलिनॉयमधल्या कोल सिटीत आता कोळसा निघत नाही.
खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे उरलेत,
त्यांवर गवत, गवतात गंजल्या रंगाचे गोटे,
काही बटाट्याएवढे, काही लिंबाएवढे.
हातोडीनं फोडू नयेत.
बादलीत भिजवावेत, बादली गोठवावी,
वितळू द्यावी, पुन्हा गोठवावी.
दहा वेळा. चाळीस वेळा.
गोटा आपल्या मनानं उघडतो,
किंवा उघडत नाही.

एमेट व्होद्राष्का शाळेची बस चालवायचा.
त्याच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी बादल्या.
त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये एक गोटा उघडला,
आत बोटाच्या पेराएवढं काहीतरी:
डोळ्यांचे दोन डाग, मणक्यांची पुसट ओळ,
गळ्याशी पिसांसारखे कल्ले.
एमेटच्या गालांवरही कल्ले होते,
तेव्हाच्या फॅशनचे, जाड.
हा विनोद फक्त मराठीत होतो.
हेस्टरला मी तो समजावून सांगितला,
ती जरा वेळानं हसली
आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली.

हेस्टर लुंडग्रेन. मी तिची चित्रं काढायची,
शिकागोत, तळघरातल्या एका खोलीत.
हाडाला ठिपके, सावलीला दाट ठिपके,
खात्री नाही तिथं तुटक रेघ.
तुटक रेघेला लाजू नकोस, ती म्हणायची.
आणि म्हणायची, पाण्यातून जमिनीवर आले
असं कुठं लिहू नकोस.
कुणी सामान बांधून निघालं नव्हतं.
डबकं आटत होतं, एवढंच.
माझ्याकडे बघून म्हणाली नव्हती.
तरी मी लक्षात ठेवलं.

तिशीतल्या हेस्टरनं तो पेराएवढा जीव
नवी जात म्हणून जाहीर केला,
एमेटच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडून.
त्यावर तिला नोकरी मिळाली
आणि एमेटला बसच्या काचेवर लावायला कात्रण.

मग गोटे उघडत राहिले. तीस वर्षांत चौदा.
एका रात्री तिनं ते टेबलावर ओळीनं मांडले,
लहानाकडून मोठ्याकडे.
पहिल्याला मनगट नाहीच, नुसती जागा सोडलेली.
पाचव्याचे कल्ले आखूड.
नवव्याच्या मनगटात हाडं धरू लागलेली.
चौदावा बिनकल्ल्यांचा, रुंद तोंडाचा,
पुस्तकातून ओळखीचा,
ज्याला फार पूर्वी कुणीतरी
वेगळंच नाव देऊन ठेवलेलं.
तिची नवी जात
म्हणजे त्याचं पोर.

दोन दिवस ती काही बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, चौदाही एकाच पानावर घे.
पेपर तिनंच लिहिला.
दुसऱ्या कुणी लिहायच्या आत म्हणून नव्हे;
दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं.

आम्ही कोल सिटीला गेलो, तिच्या गाडीनं,
दीड तास, हीटर बिघडलेला.
एमेट ऐंशीचा. कल्ले पांढरे झालेले, पण होते.
हेस्टरनं सगळं नीट सांगितलं:
जुनं नाव राहतं, हा नियम. तुमचं जातं.
त्यानं माझं पान चष्म्याजवळ धरलं,
एकापासून चौदापर्यंत बोट नेलं,
सावकाश, थांब्यावर मुलं मोजावीत तसं.
"म्हणजे मोठं झालं ते," म्हणाला.
मग विचारलं, जेवून जाणार का.

परतताना बराच वेळ नुसता रस्ता.
मग हेस्टर म्हणाली,
त्यातलं एकही मोठं झालं नाही.
चौदा वेगळे जीव. जो तो आपापल्या वयात मेला.
ओळ आपण लावली.
पुढच्या टोलनाक्यावर सुटे पैसे शोधताना म्हणाली,
त्याला नाही सांगवलं.

मागच्या सीटवर त्यानं दिलेली बादली होती.
वळणावर डचमळली नाही.
हीटर नव्हता,
बर्फ शिकागोपर्यंत टिकला.